आधी सांगावे, मग उचलावे

केदोशीम ह्या पाराशात, म्हणजे वायिक्राच्या १९ व्या अध्यायाच्या १४ व्या पासुकात, बहिरा आणि आंधळा हे दोघे शेजारी शेजारी येतात. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये आणि देवाचे भय बाळगावे, असा त्या आज्ञेचा भावार्थ आहे. दरवर्षी सिनेगॉगमध्ये आपण ती ऐकतो. ऐकताना कोणाच्याही मनात येईल की, इतक्या साध्या गोष्टीसाठी वेगळी आज्ञा कशाला हवी? बहिऱ्याला शिवी देणे हा हलकटपणा आहे, हे न सांगताही कळते.

परंतु ह्या दोन अपराधांत एक साम्य आहे. ते पाहिले म्हणजे आज्ञेचे मर्म ध्यानात येते. ज्याला शिवी दिली त्याला ती ऐकू येत नाही. ज्याला ठेच लागली त्याला दगड कोणी ठेवला ते दिसत नाही. तक्रार करणाराच नाही, मग निवाडा कोण करणार? बाजारात दुकानदार माप नीट घालतो, कारण गिऱ्हाईक तराजूकडे पाहत असते. इथे तराजूकडे पाहणारे कोणी नाही. म्हणूनच त्या पासुकाच्या शेवटी देवाचे भय आले आहे. आपण काय केले हे समोरच्या माणसाला कधीच कळणार नसेल, तर आपण त्याच्याशी कसे वागू, असा हा प्रश्न आहे.

पासुकात बहिरा वेगळा आणि आंधळा वेगळा. पण जगात अशीही मुले आहेत की ज्यांच्या वाट्याला दोन्ही एकदम येते. त्यांना बधिरांध म्हणतात. ह्या मुलांच्या, त्यांच्या आईबापांच्या आणि त्यांना शिकविणाऱ्यांच्या बाबतीत आपले कर्तव्य काय, ह्याचा थोडा विचार करावा म्हणून हा लेख.

प्रथम काही माहिती. बधिरांध म्हटले की आपल्यासमोर मिट्ट काळोख आणि पूर्ण शांतता उभी राहते. वस्तुतः ह्यांतील बहुतेक मुलांना थोडेसे दिसते किंवा थोडेसे ऐकू येते. कोणाला उजेड आणि अंधार कळतो, कोणाला अगदी डोळ्यांजवळ धरलेली रंगीत वस्तू दिसते, कोणाला ढोलाचा आवाज जाणवतो. मात्र आंधळे मूल आईचा आवाज ऐकून शांत होते आणि बहिरे मूल तिचा चेहरा पाहून हसते, तशी एका इंद्रियाची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याची सोय ह्या मुलाला नसते. जागतिक बधिरांध महासंघाच्या २०१८ सालच्या अहवालात, लोकसंख्येच्या सुमारे ०.२ टक्के लोकांना हे व्यंग तीव्र स्वरूपात असते, असा अंदाज दिला आहे. हजारात दोन. आपल्या ओळखीच्या कुटुंबांची मोजदाद केली तर हा आकडा फार दूरचा वाटत नाही.

कारणे अनेक आहेत. गरोदर स्त्रीला सुरुवातीच्या महिन्यांत जर्मन गोवर, म्हणजे रुबेला, झाला तर गर्भाचे डोळे, कान आणि हृदय ह्यांवर आघात होतो. अमेरिकेत १९६४-६५ साली ह्या रोगाची मोठी साथ आली, आणि सुमारे २०,००० मुले त्याचे जन्मजात दोष घेऊन आली. लस निघाली ती १९६९ साली. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली मुले, मेंदूच्या आवरणाला सूज येऊन गेलेली मुले, चार्ज सिंड्रोमची मुले ह्यांनाही हे भोगावे लागते. अशर सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. त्यात मूल बहुधा जन्मतः कमी ऐकणारे किंवा बहिरे असते आणि पुढे वाढत्या वयात त्याची दृष्टी कडेकडून आकसत जाते. अशा मुलाच्या आईबापांना एक दुःख पचवून झाल्यावर दुसरे समोर दिसू लागते.

आता ह्या मुलाच्या जागी आपण क्षणभर बसून पाहू. डोळे आणि कान ही दोन्ही दुरून खबर आणणारी इंद्रिये आहेत. दाराची कडी वाजली की कोणीतरी आले हे कळते. आई हातात वाटी घेऊन येताना दिसली की जेवणाची वेळ झाली हे कळते. नाक थोडी खबर आणते, पण स्पर्श मात्र वस्तू अंगाला लागल्यावरच बोलतो. ज्या मुलाजवळ मुख्यतः स्पर्शच आहे, त्याच्या दृष्टीने जगात काहीच येत नाही, सर्व काही एकदम होते. तो निजलेला असतो आणि एकाएकी हवेत उचलला जातो. ओठांवर चमचा आपटतो आणि तोंडात गरम वरणभात येतो. अंगावरचे कपडे निघतात आणि पाणी पडते. दंडात सुई टोचते. मांडी मिळते आणि मांडी निघून जाते. हे सर्व कोणी केले, का केले, पुन्हा केव्हा होईल, ह्यांतले काहीच त्याला ठाऊक नसते.

आणि हे करणारे कोण? त्याच्यावर जीव ओवाळून टाकणारी माणसे! आई, आजी, नर्स, शाळेची बाई. कोणाच्याही मनात वाईट नाही. हात घाईत असतात, कामे पडलेली असतात आणि मूल तर विचारत नाही. पासुकातील शिवी देणारा दुष्ट होता. इथे दुष्ट कोणी नाही, पण गोष्ट तीच होते. ज्याला कळणार नाही अशा माणसाला आपण सांगायचे सोडून देतो.

ह्या देशात नवीन आलेल्या आपल्या लोकांना ह्याची थोडीशी चव मिळाली होती. मुंबईत किंवा कोकणात ज्यांचा शब्द चालत असे, ती माणसे इथे येऊन कचेरीत उभी राहिली तेव्हा त्यांना हिब्रूचे अक्षर येत नव्हते. समोरचा कारकून भराभर बोले, कळले नाही असे दिसताच तेच वाक्य मोठ्याने ओरडून सांगे, दंडाला धरून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत उभे करी आणि कागदावर बोट ठेवून सही मागे. कशावर सही केली ते मागाहून कळे. तो कारकून वाईट माणूस असेल असे नाही. त्याला उशीर होत होता. पण म्हाताऱ्या माणसांना त्या दिवसाची आठवण झाली की अजून त्यांचा चेहरा उतरतो. आपल्याला पुढे उलपान मिळाले, शेजारी भेटले, नातवंडे दुभाषी झाली. ज्या मुलाला दुसरी कोणतीच भाषा नाही, त्याचा तसा दिवस संपतच नाही.

तेव्हा ह्या मुलाच्या बाबतीत आपले पहिले कर्तव्य दया करणे हे नव्हे. शिकविणे हेसुद्धा दुसऱ्या क्रमांकाचे. पहिले कर्तव्य हे की, त्याला सांगितल्याशिवाय त्याचे काही करू नये, आणि सांगितल्यावर त्याच्या उत्तरासाठी थांबावे. मला वाटते, पुढचे सर्व शिक्षण ह्याच मुळातून फुटते.

सांगायचे कसे? ह्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी त्याच्या साध्या रीती बसविल्या आहेत. जवळ जाताना प्रथम खांद्यावर किंवा दंडावर हात ठेवावा आणि थोडा वेळ तसाच राहू द्यावा, म्हणजे कोणीतरी आले एवढे कळते. मग आपण कोण ते सांगावे. आईने आपल्या बांगड्या त्याच्या बोटांना लागू द्याव्यात, बापाने मनगटावरचे घड्याळ किंवा दाढी, आजीने लुगड्याचा पदर. प्रत्येकाची खूण एकच असावी आणि ती रोज तीच असावी. उचलण्याआधी काखेखाली दोनदा हलके दाबावे आणि मगच उचलावे. जेवणाआधी त्याच्या हातात चमचा द्यावा, आंघोळीआधी पंचा, बाहेर जाण्याआधी टोपी. आठवडे जातात, महिने जातात. एके दिवशी पंचा हातात येताच मूल हसते किंवा रडू लागते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या आयुष्यात ‘पुढे’ नावाची गोष्ट आली असे समजावे. रडले तरी आनंद मानावा, कारण आता त्याला नको म्हणण्यासारखे काही कळले आहे.

हॉलंडमध्ये सिंत-मिखिल्सखेस्तेल येथे यान फान डाइक हे शिक्षक १९६० नंतरच्या काळात जर्मन गोवराने बधिरांध झालेल्या मुलांना शिकवीत असत. मुलाला आपल्या मागे ओढण्याऐवजी शिक्षकाने मुलाच्या हालचालीत सामील व्हावे, अशी त्यांची पद्धत. मूल पुढे-मागे डोलत असले तर आपण त्याला टेकून बसून तसेच डोलावे. मग मध्येच थांबावे. मूलही थांबते, जरा वाट पाहते आणि कधीतरी अंगाने किंचित धक्का देते. म्हणजे, पुन्हा करा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन माणसे डोलत आहेत एवढेच दिसेल. वास्तविक तेथे संभाषण सुरू झालेले असते, आणि पहिला शब्द मुलाने उच्चारलेला असतो.

हातांचीही अशीच गोष्ट आहे. मुलाला कणीक मळायला शिकवायची तर आपण काय करतो? त्याचे हात वरून धरतो आणि परातीत दाबतो. अमेरिकेतील शिक्षिका बार्बरा माइल्स ह्यांनी ह्याच्या उलट रीतीचा पुरस्कार केला आहे. आपला हात खाली, मुलाचा हात वर. आपण कणीक मळावी, त्याचा हात आपल्या हातावर विसावलेला असावा. त्याला वाटले तर त्याची बोटे घसरून कणकेपर्यंत येतील, नको वाटले तर तो हात काढून घेईल. आंधळ्याच्या हाताला डोळ्यांचे काम असते आणि बहिऱ्याच्या हाताला जिभेचे. ज्याच्या हातांना दोन्ही कामे आहेत त्याचे मनगट धरणे म्हणजे त्याचे डोळे आणि तोंड एकदम धरणे होय. हे एकदा उमजले की वरून हात धरायला मन धजत नाही.

ह्यावर कोणी विचारील, मग ॲन सलिव्हनचे काय? प्रश्न रास्त आहे. हेलन केलरची हकीकत सर्वांना माहीत आहे. १८८० साली जन्मलेली ही मुलगी १९ महिन्यांची असताना आजाराने बहिरी आणि आंधळी झाली. मार्च १८८७ मध्ये ॲन सलिव्हन अलाबामातील टस्कंबिया ह्या गावी तिच्या घरी आली, तेव्हा हेलन जेवणाच्या टेबलाभोवती फिरून ज्याच्या त्याच्या ताटातले हाताने उचलून खात असे, आणि घरातील कोणी तिला अडवीत नसे. बिचारी, असे म्हणून सर्व गप्प. ॲनने जेवणघराचे दार लावून घेतले आणि हेलनने आपल्या ताटातून चमच्याने खाईपर्यंत ते उघडले नाही. पुढे ती दोघी काही दिवस बागेतल्या लहान घरात वेगळी राहिली. त्यानंतर ५ एप्रिल रोजी पंपाचे पाणी एका हातावर आणि बोटांची अक्षरे दुसऱ्या हातावर, असा तो प्रसिद्ध प्रसंग घडला. ह्यात जोरजबरदस्ती नव्हती काय? होती.

मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मुलाकडून काही अपेक्षा करणे ही एक, आणि त्याला न सांगता त्याचे काही करणे ही दुसरी. घरच्यांनी हेलनकडून अपेक्षाच सोडली होती. तिच्या भावंडांनी दुसऱ्याच्या ताटात हात घातला असता तर त्यांना रागावले असते. तिला रागावले नाही, कारण ती माणसात मोडते असे त्यांना मनातून वाटत नव्हते. दयेचा हा प्रकार वरवर गोड दिसतो, पण त्यात मोठा अनादर असतो. ॲनने तो मोडला. तिच्या सर्वच कृती आज कोणी करावयास सांगणार नाही, आणि त्या कशाही करून पाहाव्यात असे मी म्हणत नाही. पण ती दिवसभर हेलनच्या तळहातावर अक्षरे काढीत राहिली. हेलनला कळत नव्हते तेव्हाही ती सांगत राहिली. आई तान्ह्या मुलाशी बोलते ना, ते कुठे त्याला समजते? तसेच ते होते. अपेक्षा तिने मोठी धरली आणि सांगणे एक दिवसही सोडले नाही.

ह्या गोष्टीत एक तिसरी बाई आहे, तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. लॉरा ब्रिजमन. जन्म १८२९. दोन वर्षांची असताना स्कार्लेट ज्वराने तिची दृष्टी आणि श्रवण गेले. १८३७ साली ती बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेत आली. तेथे डॉ. सॅम्युअल हाउ ह्यांनी चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिला भाषा शिकविली. हेलनच्या कितीतरी आधी. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये तिला पाहून आला आणि त्याने तिच्यावर लिहिले. ते वाचूनच हेलनच्या आईला आशा वाटली. पर्किन्समध्ये शिकत असताना ॲन सलिव्हन बोटांची भाषा लॉराकडूनच शिकली.

लॉराला पाहण्यासाठी लोकांची रीघ लागत असे. पण पुढे काय झाले? डॉक्टरांचे लग्न झाले, त्यांचे लक्ष दुसऱ्या कार्यांकडे गेले. १८५० मध्ये तिच्या शेवटच्या खास शिक्षिकेने संस्था सोडली. तिला घरी पाठविले, तर बोटांनी बोलायला पुरेशी माणसे नाहीत म्हणून ती झुरू लागली, आणि परत संस्थेत आणावी लागली. १८८९ मध्ये ती तेथेच वारली. भाषा मिळाली, बोलायला माणूस राहिला नाही. हेलन भाग्यवान ठरली, कारण ॲन १९३६ साली वारेपर्यंत तिच्याबरोबर राहिली. तेव्हा मुलाला शिकविले की आपले काम झाले, असे म्हणता येत नाही. दार उघडणाऱ्याने दाराशी उभे राहण्याची व्यवस्थाही करावी लागते. ‘आमच्या मागे ह्याचे काय?’ हा प्रश्न अशा मुलाची प्रत्येक आई रात्री छताकडे पाहत विचारीत असते. त्याचे उत्तर तिने एकटीने शोधावे हा न्याय नव्हे.

दुसरा एक आक्षेप लोक मोठ्याने बोलत नाहीत, पण मनात असतो. एका मुलामागे एक शिक्षक, वर्षानुवर्षे मेहनत, आणि हाती काय लागते? चमचा ओळखणे! सर्वच मुले थोडीच हेलन केलर होतात? खरे आहे, होत नाहीत. अनेक मुलांना इतरही दुखणी असतात, काही मुले वाक्य कधीच करीत नाहीत. हेलन केलरच्या मापाने त्यांना मोजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि त्यांच्या शिक्षकांवरही. आपण आपल्या डोळस मुलांना हे माप लावतो काय? सगळी कुठे आइनस्टाइन होतात! ती आपली आहेत, ती बोलतात आणि आपण ऐकतो, एवढे पुरते.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राचीही ह्या बाबतीत वाटचाल झाली आहे. मिश्नामध्ये ‘हेरेश’, म्हणजे ऐकूही न येणारा आणि बोलूही न शकणारा, हा अज्ञान बालक आणि वेडा ह्यांच्या पंक्तीत बसविला आहे. पण ज्याला ऐकू येत नाही परंतु बोलता येते, तो तसा धरलेला नाही. म्हणजे कसोटी कानाची नव्हती. त्याच्या मनातले आपल्यापर्यंत पोहोचते का, ही होती. एकोणिसाव्या शतकात बहिऱ्या मुलांच्या शाळा निघाल्या, ही मुले लिहू-वाचू लागली, तेव्हा रब्बींना हा प्रश्न नव्याने विचारात घ्यावा लागला. मुले तीच होती. त्यांचे ऐकण्याची आपली रीत बदलली, आणि ती शहाण्यांत गणली जाऊ लागली. मोराव्हियातील निकोल्सबुर्ग गावी यहुदी बहिऱ्या मुलांसाठी १८४४ मध्ये अशी शाळा निघाली. ती पुढे व्हिएन्नाला गेली. त्याच गावी १८२१ साली हाइनरिख लँडेस्मान हा यहुदी कवी जन्मला होता. तो हिएरोनिमुस लोर्म ह्या नावाने लिहीत असे. त्याचे कान तरुणपणीच गेले आणि पुढे डोळेही गेले. तेव्हा त्याने तळहातावर आणि बोटांवर टिंबे व रेघा काढून बोलण्याची लिपी बसविली. जर्मन भाषेच्या देशांत ती अजून वापरतात. त्याच्या मनात बोलण्यासारखे पुष्कळ होते. फक्त घरच्या माणसांनी हात पुढे करायचा होता, आणि त्यांनी तो केला.

आपल्या दोन्ही देशांत ह्या कामाची परंपरा आहे. हेलन केलर १९५२ साली इस्राएलला आणि १९५५ साली भारतात येऊन गेली. मुंबईत १९७७ मध्ये बेरोज वाच्छा ह्यांनी बधिर व बधिरांध मुलांसाठी हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली. भायखळा हे तिचे एक ठिकाण. आपल्यापैकी कित्येकांचे बालपण त्याच रस्त्यांवर गेले आहे. भारताच्या २०१६ च्या अपंगविषयक कायद्यात बधिरांधत्वाचे नाव स्पष्टपणे घातले गेले. इथे याफोच्या बंदरात २००७ साली ‘ना लागाअत’ हे केंद्र उघडले. त्याच्या नावाचा अर्थ ‘कृपया स्पर्श करा’ असा होतो. तेथील बधिरांध नटांनी रंगमंचावर प्रेक्षकांसमोर पाव मळून, भाजून एक नाटक केले. ढोलाचा ठोका पायांना जाणवला की पुढचा प्रवेश. भाजलेल्या पावाचा वास प्रेक्षकांपर्यंत जाई, आणि खेळ संपल्यावर प्रेक्षक वर जाऊन नटांचे हात हातात घेत. तेथे कोणी कोणाची कीव करीत नव्हते.

राहिला प्रश्न आपला, म्हणजे नातेवाइकांचा, शेजाऱ्यांचा आणि केहिलाचा. आंधळ्याच्या वाटेतील अडथळ्याचा अर्थ राशीने असा लावला आहे की, एखाद्या बाबतीत जो अंधारात आहे त्याला त्याच्या हिताचा नसलेला सल्ला देऊ नये. अशा मुलाच्या जन्मानंतर खरे अंधारात असतात ते आईबाप. त्याच वेळी सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणते संस्थेत टाका, कोणी म्हणते दुसरे मूल होऊ द्या म्हणजे विसराल, कोणी आईच्या खाण्यापिण्याचा आणि पूर्वजांचा हिशेब काढते. ह्यांतला प्रत्येक शब्द वाटेतला दगड आहे. आईबापांना एवढेच सांगावे की, मुलाचे डोळे आणि कान दोन्ही लवकर तपासून घ्या, ह्या विषयाची माहिती असलेल्या शिक्षकाला लवकर गाठा, आणि शनिवारी दोन तास मी मुलाजवळ बसतो, तुम्ही झोपा. ह्यांतले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. त्या घरातील दुसऱ्या मुलांनाही कोणीतरी समुद्रावर घेऊन जावे. त्यांच्या वाट्याला आई फार थोडी येते.

नवस बोलायचा तर जरूर बोलावा, एलियाहू हन्नवीचा मलिदा अवश्य करावा. परंतु मुलाला आतल्या खोलीत ठेवून मलिदा करू नये. खरे म्हणजे आपले विधी ह्या मुलासाठीच योजले असावेत असे वाटते. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, वेलदोडा, खजूर ह्यांची चव त्याला कळते. सब्ज्याची डहाळी नाकाशी धरली की वास कळतो. हव्दालाच्या मेणबत्तीची ऊब तळहाताला लागते. मेझुझा बोटांना लागतो, सेफेर तोराचे मखमली आवरण हाताला लागते. डोळस माणसे ह्या गोष्टी घाईने उरकतात. त्याच्याबरोबर त्या केल्या तर आपल्यालाही त्या पुन्हा नीट कळतील.

शिक्षकांविषयीही एक शब्द. ह्या बायका आणि हे पुरुष वर्षभर एका खुणेची वाट पाहतात. त्यांच्या कामाचे फळ बक्षीस-समारंभात मांडता येत नाही. आईबापांनी त्यांना दर महिन्याला ‘काय प्रगती?’ असे विचारण्याऐवजी ‘घरी आम्ही कोणती खूण करावी?’ असे विचारावे. शाळेत एक खूण आणि घरी दुसरी झाली तर मुलाचे जग पुन्हा विस्कटते.

आणि पुढच्या वेळी एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये असे मूल भेटले, तर त्याच्या गालाला हात लावून हळहळू नये. त्याच्या आईला विचारावे की ह्याच्याशी कसे बोलू? मग खांद्यावर हात ठेवून थोडे थांबावे. आपली अंगठी किंवा घड्याळ, जे काही रोज अंगावर असते ते, त्याच्या बोटांना लागू द्यावे. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवावा आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजावे. पहिल्या वेळी बहुधा तो हात काढून घेईल, त्याचा राग मानू नये. त्यालाही आपल्याला नको म्हणण्याचा अधिकार आहे. पुढच्या शब्बाथला पुन्हा जावे आणि तीच अंगठी पुन्हा द्यावी.